जड पाण्यातलं धुणं

भाद्रपद वद्य अष्टमीला तुळजापूरची भवानी पलंगावर निजते. ही तिची घोर निद्रा. घटस्थापनेला ती पुन्हा सिंहासनावर येते. मधले हे सात-आठ दिवस देवीच्या विश्रांतीचे, पण धाराशिव जिल्ह्यातल्या घराघरांत त्या दिवसांत बाईमाणसाला क्षणाची उसंत नसते. कारण दसरा काढायचा असतो.

'दसरा काढणं' म्हणजे घरातलं होतं-नव्हतं सगळं बाहेर काढायचं, धुवायचं, उन्हात घालायचं आणि घट बसायच्या आत पुन्हा जागच्या जागी लावायचं. माळ्यावरचे हंडे-कळश्या, फडताळातले डबे, वाकळा, घोंगड्या, पाळण्याची झोळी, देवघरातली समई, काही काही सुटत नाही. मी लहान असताना वाकळांची गाठोडी बैलगाडीत घालून नदीवर न्यायचे. एकेक वाकळ भिजली की दोघींनाही उचलत नसे. काठावरच्या खडकांवर त्या रंगीत वाकळा वाळत पडल्या की लांबून शेत फुलल्यासारखं दिसायचं.

या सगळ्या धुण्यामागे जे ज्ञान होतं, त्याबद्दल मला लिहायचं आहे. 'आजीच्या बटव्यातले उपाय' म्हणून त्यातल्या दोन-चार गोष्टी हल्ली सगळीकडे सांगितल्या जातात. लिंबू लावा, सोडा टाका, राख वापरा. पण कोणतं पाणी, कोणतं भांडं, कोणती फरशी आणि धुतल्यावर ते पाणी जाणार कुठे, हे विचारल्याशिवाय असा उपाय सांगणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं. आमच्या जिल्ह्यात तर पहिला प्रश्न पाण्याचाच असतो.

आधी पाणी आहे का, आणि असलं तर कसं आहे? दुष्काळ इथे अधूनमधून येतोच. १९८२ पर्यंत याच जिल्ह्याचा भाग असलेल्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तशा वर्षांत वाकळा नुसत्या झटकून उन्हात टाकायच्या, एवढाच दसरा निघतो. आणि ज्या वर्षी पाणी असतं, त्या वर्षीही बहुतेक घरी ते बोअरचं असतं. म्हणजे जड पाणी. काळ्या बेसाल्ट खडकाच्या भेगांमधून झिरपत, वर्षानुवर्षं मुरत आलेल्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. याच पाण्यात तूरडाळ शिजता शिजत नाही, कारण डाळीच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारं पेक्टिन कॅल्शियमशी जुळून आणखी घट्ट होतं. पावसाचं धरलेलं पाणी डाळीला बरं, हे आमच्याकडे कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही.

डाळीचं जे होतं तेच साबणाचं. साबण हे स्निग्ध आम्लाचं सोडियम मीठ. जड पाण्यात ते पडलं की कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि न विरघळणारा चिकट पांढरा साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसतो तो हाच, आणि धुतलेलं धोतर खरखरीत व कळकट दिसतं तेही याच्यामुळेच. पाण्यातलं सगळं कॅल्शियम असं साक्यात गेल्याशिवाय फेस धरत नाही. म्हणजे तोवर पडणारा साबण कपडा धूत नसतो, नुसता पाण्याशी झुंजत असतो.

याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. भारतीय मानक ब्युरोच्या मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठिणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. रसायनशास्त्राच्या साध्या गणिताने २०० कठिणतेच्या वीस लिटरच्या बादलीत सुमारे २४ ग्रॅम साबण नुसता साका होण्यात जातो. ६०० च्या पाण्यात हाच आकडा सत्तरच्या पुढे जातो. एका बादलीला सत्तर ग्रॅम साबण, आणि कपड्याचा मळ अजून जागचा हललेला नाही! डिटर्जंट पावडरीचं जड पाण्यात साबणाइतकं वाईट होत नाही, हे खरं; पण त्यासाठी तिच्यात सोडा आणि इतर क्षार भरपूर घातलेले असतात. ते शेवटी कुठे जातात, ते पुढे बघू.

आपल्या घरचं पाणी जड आहे का, हे आधी पाहावं. बाटलीत थोडं पाणी घ्या, साबणाचा कीस टाका, जोरात हलवा. फेस उभा राहिला तर पाणी हलकं. दुधासारखं गढूळ होऊन फेस बसला तर जड. मग साबणाच्या आधी धुण्याचा सोडा घाला. सोडियम कार्बोनेट ते हेच. ते कॅल्शियमला खडूच्या रूपात खाली बसवतं. २०० कठिणतेच्या वीस लिटर पाण्याला हिशेबाने चार-पाच ग्रॅम कोरडा सोडा पुरतो, ६०० च्या पाण्याला तेरा ग्रॅमच्या आसपास. मॅग्नेशियम जास्त असेल तर थोडा अधिक लागतो. अर्धा तास थांबा, वरची निवळी घ्या, आणि मग साबण लावा. नेहमीपेक्षा किती कमी साबणात काम भागतं ते पहिल्याच धुण्यात कळतं.

हा सोडा दुकानात मिळायच्या आधी त्याचं काम राख करत होती. पाण्यात राख कालवून रात्रभर ठेवायची, सकाळी वरची पिवळसर निवळी काढून घ्यायची आणि त्यात मळकट कपडे भिजवायचे. राखेतला विरघळणारा भाग मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेटचा असतो. तो पाणी हलकं करतो आणि कपड्यातल्या तेलकटपणाशी जुळून थोडा साबणही तयार करतो. खरकट्या भांड्याला राख लावल्यावर हाताला जो निसरडेपणा जाणवतो, तो तिथल्या तिथे बनलेल्या साबणाचा.

पण सगळी राख सारखी नसते, आणि हे घासणाऱ्या बाईला शास्त्रज्ञाच्या आधीपासून ठाऊक होतं. ज्वारीच्या कडब्याची किंवा गोवऱ्यांची राख घासायला चांगली, कारण ज्वारी हे गवतच. त्यात सिलिका, म्हणजे वाळूचाच बारीक अंश भरपूर. तुराट्या-पऱ्हाट्यांची राख भिजवायला चांगली, कारण लाकडी काटक्यांच्या राखेत क्षाराचा भाग अधिक. कडब्याची राख लोखंडी तव्याला, पितळी पातेल्याला उत्तम. चकचकीत स्टीलवर ओरखडे पाडते, आणि नॉनस्टिक तव्याच्या तर वाट्याला जाऊच नये. ॲल्युमिनियमला कुठलीही राख किंवा सोडा लावू नये. क्षार त्या धातूला खातो, भांडं काळं पडतं.

१ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅस खेड्यापाड्यांत पोचत गेला. चुलीच्या धुराने डोळे आणि छाती जाळून घेणाऱ्या बायकांसाठी ही मोठी गोष्ट झाली. राखेसाठी चूल परत पेटवा असं मी कधीही म्हणणार नाही. पण पाणी तापवायला अजून अनेक अंगणांत बंब किंवा चूल पेटते. तिची राख उकिरड्यावर जाते. ती चाळून डब्यात ठेवली तर भांड्यांना महिनाभर पुरते. हात धुण्याबद्दल मात्र सावध राहायला हवं. राखेने हात धुतल्यास संसर्ग टळतो का, याचा २०२० मध्ये कॉक्रेनच्या अभ्यासकांनी उपलब्ध संशोधन तपासून आढावा घेतला होता. खात्रीने काही सांगावं इतका पुरावा त्यांना मिळाला नाही. शौचाहून आल्यावर आणि बाळाला भरवण्याआधी साबणच हवा. तिथे काटकसर नको.

कपड्यांतही एकच नियम सगळ्यांना लागत नाही. सुती धोतराला क्षार मानवतो. रेशमाला आणि लोकरीला तो मारक. रेशीम काय, लोकर काय, दोन्ही प्रथिनांचे धागे, क्षारात ठिसूळ होतात. म्हणून इरकलीचा रेशमी पदर, पैठणी किंवा धनगरी घोंगडी यांना रिठा. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाची द्रव्यं दहा टक्क्यांच्या आसपास असतात. ती फेस देतात, मळ सोडवतात, पण कॅल्शियमशी साबणासारखा साका करत नाहीत. त्यामुळे जड पाण्यातही रिठ्याचा फेस टिकतो. बी काढून टाकायची, दहा-बारा फळांची साल रात्रभर कोमट पाण्यात भिजवायची, सकाळी कुस्करून गाळायची. सोनार दागिने उजळायला हेच पाणी वापरतात. रिठा मिळाला नाही तर कोरड्या माळरानावर, बांधावर हिंगणबेटाचं काटेरी झाड असतं. त्याच्या फळाच्या गरातही सॅपोनिनच असतं आणि त्यानेही पूर्वी रेशीम धूत. आता ही झाडं जेसीबीने बांधाबरोबर जाताना दिसतात, आणि कुणाला चुकल्यासारखंही वाटत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि हे 'नैसर्गिक' म्हणून निरुपद्रवी समजू नका. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना विषारी असतं. रिठ्याच्या जातीच्या फळांनी पूर्वी डोहातले मासे गुंगवून पकडत. रिठ्याचं पाणी जमिनीत मुरू द्या, ओढ्यात-तळ्यात सोडू नका.

देवघरातल्या भांड्यांकडे आलं की आमच्याकडे दुसरा पर्याय कुणाच्या मनातही येत नाही: चिंच. तांब्या-पितळेवर हवेने जो काळसर थर चढतो तो ऑक्साइडचा. आम्ल तो विरघळवतं. चिंचेच्या गरात टार्टारिक आम्ल शंभर ग्रॅमला दहा-पंधरा ग्रॅमपर्यंत असतं, म्हणून तिचा चोथा घासला की समई डोळ्यांदेखत उजळते. चिमूटभर मीठ घातलं तर काम लवकर होतं. घासायला नारळाची शेंडी. तुळजापूरला नवसाचे नारळ फोडणाऱ्या जिल्ह्यात शेंडीला काय तोटा! ती कुजून मातीत जाते. प्लॅस्टिकच्या घासणीचे बारीक तुकडे मात्र मोरीतून निघाले की कुठेच संपत नाहीत.

पण हीच चिंच बंबात किंवा किटलीत बसलेल्या पांढऱ्या थरावर तितकी चालत नाही. तो थर कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि टार्टारिक आम्लाबरोबर त्याचं जे मीठ बनतं ते पाण्यात फारसं विरघळत नाही. थर जाऊन त्या जागी दुसरा थर बसतो. तिथे लिंबाचा रस किंवा किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व कोमट पाण्यात घालून तासभर ठेवावं. बुडबुडे निघतात, थर सुटतो. आम्ल म्हणून दोन्ही आंबट, पण काम वेगळं.

लिंबू हातात आलं की लोक ते फरशीवरही पिळतात, आणि इथे मी हात धरून थांबवेन. याला कारण आमच्या भागाचा इतिहास आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. थोड्याच दिवसांत दसरा काढायची वेळ आली असती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातली उमरगा-लोहारा भागातली दगडमातीची माळवदी घरं माणसांवर कोसळली. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. जुन्या घरांत जमीन शेणाने सारवलेली असायची. नव्या सिमेंटच्या घरांत फरशी आली, आणि पुढे इतर गावांतही तेच झालं. सारवणात पाणी बादलीभर लागायचं, धूळ धरून ठेवली जायची, मातीतल्या भेगा भरल्या जायच्या. ते जंतुनाशक मात्र नव्हतं. ताज्या शेणात जंतू असतात, धनुर्वाताचे बीजाणूही असू शकतात, तेव्हा उघड्या जखमेच्या हाताने सारवू नये, एवढं स्पष्ट सांगायला हवं.

नवी आलेली फरशी बहुतेक ठिकाणी शहाबादी. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादहून येणारा हा दगड चुनखडीचा आहे. म्हणजे किटलीतल्या थराचाच सख्खा भाऊ. लिंबू, व्हिनेगर, संत्र्याच्या सालींचं बायोएन्झाइम किंवा बाथरूम ॲसिड यांपैकी काहीही त्यावर टाकलं की थर नव्हे, फरशीच विरघळते. आधी चकाकी जाते, मग पृष्ठभाग खरबरीत होतो, मग त्या खळग्यांत मळ बसतो आणि तो काढायला आणखी ॲसिड येतं. शहाबादीला कोमट पाण्यात चमचाभर सोडा आणि घासायला नारळाचा काथ्या, एवढं बस. बायोएन्झाइम वाईट नाही. गूळ एक भाग, लिंबू-मोसंबीच्या साली तीन भाग, पाणी दहा भाग, तीन महिने आंबवलेलं हे द्रावण सिरॅमिकच्या टाइल्सवर चांगलं चालतं. पण त्यात काम करतं ते मुख्यतः आंबून तयार झालेलं व्हिनेगरसारखं आम्ल आणि सालीतलं तेल. पहिला महिनाभर बाटलीचं झाकण रोज थोडं सैल करावं, वायू साठून बाटली फुटू शकते.

एक जोडी तर सगळीकडे सांगितली जाते: व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र. फसफस बघून वाटतं, काय काम चाललंय! प्रत्यक्षात आम्लाने क्षार मारला, क्षाराने आम्ल मारलं आणि उरलं खारट पाणी. एका वेळी एकच वापरा. दुसरी जोडी मात्र जीवघेणी आहे. गावात पाणी शुद्ध करायला ग्रामपंचायत वापरते ती टीसीएल पावडर, आणि संडास धुवायचं ॲसिड. ही दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो छातीत गेला तर फुफ्फुसं भाजतात. दसऱ्याच्या धांदलीत 'आणखी स्वच्छ होईल' म्हणून कुणी हे करू नये. टीसीएल वेगळ्या दिवशी, ॲसिड शक्य तर नाहीच.

आता धुतलेलं पाणी कुठे जातं ते पाहू. माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट इथे आहे.

सोडा सोडियमचा, राखेची निवळी पोटॅशियमची. कपड्यावर दोघांचं काम जवळपास सारखं. पण परसात गेल्यावर दोघांच्या वाटा फुटतात. आमची काळी माती ज्या चिकणमातीची बनलेली आहे, ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि तिच्या कणांवर क्षार चिकटून राहतात. या मातीला कॅल्शियम मानवतं; ते कणांना गुच्छासारखं बांधून ठेवतं, मधून हवा-पाणी खेळतं. सोडियम मात्र हे गुच्छ सोडवतं. कण सुटे होऊन मातीची छिद्रं बुजतात, वर कडक पापुद्रा धरतो आणि पाणी मुरायचं बंद होतं. मोरीच्या तोंडाशी जिथे रोज डिटर्जंटचं पाणी पडतं तिथली जमीन बघा. गुळगुळीत, काळीपांढरी, गवताची काडी नसलेली. राखेतलं पोटॅशियम मात्र पिकाला हवंच असतं. राखेने भांडी घासलेलं पाणी कढीपत्त्याला घातलं जायचं, आणि तो चांगला वाढायचाही.

म्हणून दुकानातल्या पावडरीचं पहिलं, फेसाळ पाणी झाडांना नको. शेवटच्या खळबळणीचं पाणी अळूला, केळीला चालतं. पहिल्या पाण्यासाठी शोषखड्डा हवा. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे घेतले, उघड्या गटारी आणि त्यांबरोबर डास कमी केले, आणि मग तो 'नांदेड पॅटर्न' म्हणून गाजला. आमच्याकडे एक काळजी जास्त घ्यायची. काळ्या मातीतच खड्डा थांबवला तर माती फुगून तो पावसाळ्यातच तुंबतो. खाली मुरूम लागेपर्यंत खणलं तरच पाणी जिरतं. वर जाळी लावावी, म्हणजे भांड्यांतलं खरकटं आत जात नाही.

या सगळ्या कामाचा भार कुणाच्या अंगावर पडतो, हे न बोलता पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. राख चाळणं, रिठा भिजवणं, सोड्याची निवळी काढणं, सगळ्याला वेळ लागतो, आणि तो बाईचाच जातो, असं अजून गृहीत धरलं जातं. वाकळ पिळायला दोन माणसं लागतात. दुसरं माणूस घरातला पुरुष का नसावा? भूकंपानंतर या भागात काम उभं केलेल्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्यामागे मराठवाड्यातल्या शेतकरी बायकांचं काम होतं: शेताच्या छोट्या तुकड्यात काय पेरायचं, कोणतं खत घालायचं हे त्या स्वतः ठरवू लागल्या होत्या. मातीचा निर्णय त्या घेत असतील, तर मातीत जाणाऱ्या पाण्याचाही त्याच घेतील. त्यांच्याबरोबर बसून, त्यांचं काम वाटून घेऊन हे बोललं पाहिजे.

केरसुणीबद्दल दोन शब्द. शिंदीच्या पानांची केरसुणी पिढ्यान्‌पिढ्या मातंग कारागीर बांधत आले. लक्ष्मीपूजनाला आपण तिच्यावर हळद-कुंकू वाहतो, मग वर्षभर प्लॅस्टिकचा झाडू वापरतो. केरसुणी झिजली तर उकिरड्यात मिसळून जाते, आणि तिचे पैसे गावातल्याच घरात जातात. ती घेताना भाव पाडू नये.

धुणं झालं की ऊन. पाणी नसलेल्या वर्षातही हे कुणी हिरावत नाही. ढेकूण साधारण पन्नास अंश सेल्सिअसच्या आसपास मरतात. भाद्रपद-आश्विनाच्या कडक उन्हात काळ्या दगडावर किंवा पत्र्यावर पसरलेली जाड वाकळ वरून तेवढी तापू शकते, पण आतपर्यंत उष्णता पोचायला दुपारभर ठेवून मध्ये उलटावी लागते. धुळीतले बारीक कीटक कोरड्या हवेत तग धरत नाहीत. डब्यात धान्य भरताना कडुनिंबाचा वाळलेला पाला. ओलसर पाला घालू नये, बुरशी धरते.

वाकळा घड्या घालून आत गेल्या, समई उजळली, फरशी वाळली की घटाची तयारी. कुंभाराकडून मातीचा घट येतो, आणि शेतातून टोपलीभर काळी माती. आठवडाभर घरातून माती बाहेर काढली, आणि आता हाताने चाळून, ढेकळं फोडून ती देवघरात पत्रावळीवर पसरायची. माती भुसभुशीत असली तर बोटांतून सहज सुटते. तिच्यात ज्वारी, गहू, हरभरा, करडई पेरायची, वर घट ठेवायचा. घटातून पाणी झिरपत राहतं, आणि दहाव्या दिवशी वीतभर पिवळे कोंब टोपीवर खोवून घरातली माणसं सोनं लुटायला बाहेर पडतात.